लोकरीचे मोजे, ते पण साताऱ्यात?

पार्सल फोडलं तेव्हा आमचे तात्या ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. खोक्यातून निघाली मोज्यांची एक जोडी. त्यांनी किंमत विचारली, मी आठशे म्हणालो. अडकित्ता थांबला.

‘कसलं हायती?’

‘लोकरीचे.’

तात्यांनी बाहेर बघितलं. एप्रिल महिना, दुपारचे तीन, अंगणातल्या फरशीवर पाय ठेवायची सोय नाही. ‘लोकरीचं. ह्या उन्हात. पाय शिजत्याल की रं तुझं.’

त्यांचं म्हणणं वेडगळ नाही. आपल्याकडे लोकर म्हणजे स्वेटर, स्वेटर म्हणजे डिसेंबर, आणि डिसेंबर संपला की ते गाठोडं डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर. पण याच तात्यांनी उभी हयात आषाढात घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन भाताच्या खाचरात काढली आहे. ती खोळ थंडीसाठी नव्हती, पावसासाठी होती. आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना खाली घोंगडंच लागतं, कारण ते ‘गार पडतं’, असंही तेच सांगतात. म्हणजे लोकर फक्त ऊब देते हे त्यांना स्वतःलाच मान्य नाही. मोज्यांचं कोडं तिथूनच सुटतं.

ट्रेकला जाणारे, शेतात दिवसभर उभे असणारे, सर्व्हेच्या किंवा वनखात्याच्या कामावर रोज दहा-पंधरा किलोमीटर तुडवणारे, अशा लोकांना मोजा ऊब देण्यासाठी लागतच नाही. त्याचं काम दोन गोष्टींचं: ओल सांभाळायची आणि घर्षण सांभाळायचं. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं.

फोड कसा येतो

माझा पहिला धडा वासोटा किल्ल्याचा. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, पलीकडे उतरून जंगलातून चढायचं. सुरुवातीलाच ओढा लागला, पाय घसरला आणि बूट आतपर्यंत भिजला. मोजे सुती होते, कॉलेजपासूनचे, पांढरे. ‘चालता चालता वाळतील’ म्हणून तसाच निघालो. ते वाळले नाहीत. वर पोचेपर्यंत दोन्ही टाचांची साल सुटली होती आणि बाबुकड्याचं सुप्रसिद्ध दृश्य मी बूट हातात घेऊन बघितलं.

फोड घासल्याने येतो असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक पावलाला टाचेचं हाड आत थोडं पुढेमागे सरकतं. बाहेरची कातडी मात्र मोज्याला चिकटलेली, मोजा बुटाला चिकटलेला. हाड सरकतं, कातडी सरकत नाही, आणि मधल्या थरांना ताण बसतो. पुरणपोळीची वरची पारी बोटाने दाबून धरली आणि आतलं पुरण हलवत राहिलं तर पारी सुटते, तसे कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात. त्या फटीत पाणी भरतं. तो फोड.

आता यात ओलीचं काय? नोटा मोजताना आपण बोट ओलं करतो, कारण ओलसर कातडी जास्त पकडते. कोरडी कातडी घसरते, ओलसर कातडी चिकटते. घामाने दमट झालेल्या टाचेला मोजा घट्ट धरून ठेवतो, सरकायचं काम सगळं कातडीच्या आत होतं, आणि फोड लवकर येतो. त्यात तळपायाला घामाच्या ग्रंथी फार दाट. म्हणजे ओढा लागला नाही तरी बुटात ओल असतेच. चांगला मोजा ती ओल कातडीपासून दूर नेतो आणि स्वतः थोडासा सरकून कातडीचा ताण आपल्या अंगावर घेतो.

सूत, नायलॉन, लोकर

प्रत्येक तंतूची ओल धरायची तऱ्हा वेगळी आहे, आणि इथे आकडे उपयोगाचे पडतात. वीस अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा ठरलेल्या हवेत ठेवलं तर लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल हवेतून घेऊन बसते. कापूस साधारण ८ टक्के, नायलॉन ४ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. दमट हवेत लोकर ३० टक्क्यांपर्यंत जाते, तरी हाताला ओली लागत नाही.

लागत नाही, कारण ती ओल तंतूच्या पोटात असते. लोकर म्हणजे शेवटी केसच, आपल्या केसांसारखंच केराटिन नावाचं प्रथिन. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तंतू कौलारू छपरासारखा दिसतो: एकावर एक चढवलेल्या खवल्या, आणि त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ थर. पाण्याचा थेंब पडला की कौलावरून ओघळावा तसा बाहेरूनच ओघळतो. वाफ मात्र फटींतून आत शिरते आणि आतला गाभा ती धरून ठेवतो. पहाटे उघड्यावर ठेवलेल्या घोंगड्यावर दवाचे मणी तसेच उभे दिसतात आणि खाली अंग कोरडं असतं, ते यामुळे. बुटातला बराचसा घाम कातडीवरून वाफ होऊन सुटतो. ती वाफ पाण्यात बदलायच्या आत लोकर पिऊन टाकते.

कापसाचं उलट. त्याला पाणी आवडतं, आतून-बाहेरून. थेंब मिळाला की शोषतो, मऊ पडतो, लोळागोळा होतो आणि पायाला चिकटून बसतो. पंचा म्हणून उत्तम, मोजा म्हणून वासोट्याला नको. लोकरीचा तंतू मुळात कुरळा आणि लवचीक, भिजला तरी बऱ्यापैकी ताठ राहतो, त्यामुळे त्याच्या वळणांत अडकलेली हवा सगळीच निघून जात नाही. ओली लोकर ओल्या सुतासारखी गारठवत नाही, त्याचं कारण हे. शिवाय कोरडी लोकर ओल पिताना थोडी उष्णता बाहेर टाकते. ती फार नसते, पण पहाटे चारला पाणी धरायला उसात उतरणाऱ्या माणसाला ती पुरते.

लोकरीचे भाट बरेच आहेत, म्हणून तिच्या उण्या बाजूही सांगून टाकतो. वाळायला ती पॉलिएस्टरपेक्षा जास्त वेळ घेते. झिजते नायलॉनपेक्षा लवकर. आणि गुडघाभर ओढ्यातून चालाल तर लोकरीचा मोजाही चिंब भिजतो. तो कोरडा राहील असं कुणी सांगितलं तर तो माणूस मोजे विकतोय असं समजा. फरक इतकाच की भिजलेल्या लोकरीत पुढचे चार तास काढता येतात.

वासाचं म्हणाल तर घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, तो जिवाणू तयार करतात. वास देणारी ही द्रव्यं लोकर बरीचशी स्वतःत अडकवून ठेवते, पॉलिएस्टर ती लगेच तंबूभर वाटतं. दोन दिवसांच्या ट्रेकला एकाच जोडीत भागतं हा माझा अनुभव. पाच दिवस चालते असंही लोक सांगतात. त्यांच्याबरोबर तंबूत झोपायचा योग अजून आलेला नाही.

मग घोंगडं का टोचतं?

हा प्रश्न आमच्या घरात रास्तपणे विचारला गेला. मोजे लोकरीचे, घोंगडंही लोकरीचं, मग घोंगडं उघड्या अंगावर घेतलं की खाज का सुटते?

उत्तर मायक्रॉनमध्ये आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ६०-७० मायक्रॉन जाड. मोज्यांसाठी वापरतात ती मेरिनो लोकर बहुधा १७ ते २१ मायक्रॉनच्या आसपास. माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळावर चरणाऱ्या आपल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याहून कितीतरी जाड आणि केसाळ. कातडीला टोचायची सीमा सुमारे ३० मायक्रॉनवर येते. कापडातले शंभरातले पाचेक तंतू जरी त्याहून जाड असले तरी बहुतेकांना ते बोचतं. जाड तंतूचं टोक कातडीवर टेकलं की वाकत नाही, भाल्यासारखं उभं राहून मज्जातंतूला डिवचतं. बारीक तंतू नुसता वाकतो. खराटा आणि फुलझाडू दोन्ही तळहातावर टेकवून बघा, सगळं कळेल. ही ॲलर्जी नव्हे. ‘मला लोकर सोसत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना जाड लोकर सोसत नसते, एवढंच.

मेरिनो ही मेंढीची जात, मूळची स्पेनमध्ये नावारूपाला आलेली. तिथल्या राजवटीने कैक शतकं ती देशाबाहेर जाऊ दिली नाही. अठराव्या शतकात ती बंदी सैल झाली, १७९७ साली या मेंढ्या ऑस्ट्रेलियात उतरल्या, आणि आज जगातली बहुतेक बारीक लोकर तिथूनच येते. दख्खनी मेंढीत हे का नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण ती मेंढी दुष्काळी माळावर काटेरी झुडपं चघळून रोज मैलोन्‌मैल चालायला घडलेली आहे, आणि आता तिला पाळतात ते मुख्यतः मटणासाठी. आपल्याच फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ नावाचा वाण तयार केला. त्यात बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी कोकरं देणारा जनुक दख्खनीत आणला. सगळं लक्ष कोकरांवर, लोकरीवर नाही. लोकर कातरायची मजुरी लोकरीतून सुटत नाही, असं दहिवडीकडचे मेंढपाळ बोलून दाखवतात. हे ऐकलं की आठशेच्या परदेशी लोकरीचा मोजा हातात जरा जड लागतो.

लेबल उलटं करून वाचा

समोर मोठ्या अक्षरात ‘मेरिनो’ असतं. खरी गोष्ट मागे बारीक अक्षरात.

पहिली गोष्ट अशी की शंभर टक्के मेरिनोचा मोजा शोधू नका. बारीक तंतू मऊ असतो तसा नाजूकही असतो, आणि नुसत्या लोकरीची टाच आपल्या मुरमाड वाटांवर एका हंगामात जाळी होते. नायलॉन मोज्याला जीव देतं, इलॅस्टेन त्याला पायावर धरून ठेवतं. माझ्या मते चालण्याच्या मोज्यात लोकर ५० ते ७० टक्के, नायलॉन २५ ते ४५, आणि इलॅस्टेन एक-दोन ते पाच टक्के हे गणित बसतं. रोज कष्टाचं काम असेल तर नायलॉन जास्त असलेला घ्या आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं, दहा-पंधरा टक्के मेरिनो असलेला मोजाही ‘मेरिनो’ म्हणून विकतात. त्यात लोकर आहे हे खोटं नाही, पण वर सांगितलेले गुण दहा टक्क्यांत कुठून येणार? उरलेले ९० टक्के कशाचे हे बघा. ॲक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, असेल तर मोजा परत जागेवर ठेवा.

आणि ॲक्रिलिकवरून आठवलं. थंडीत रस्त्याकडेला ‘वुलन’ म्हणून शंभरात दोन-तीन जोड मिळतात, त्यांतले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. दिसायला लोकरीहून लोकरीचे, फुगीर, मऊ. घाम मात्र पीत नाहीत. घरात असा मोजा असेल आणि शंका असेल तर एक सुटा धागा चिमट्यात धरून मोरीत पेटवून बघा. लोकर केस जळाल्याचा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते, आणि राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सुताला कागद जळाल्याचा वास. मिश्र धाग्यात वास केसाचा आणि मणीही कडक असं दोन्ही सापडेल, ते बरोबरच आहे. धागा एकच जाळा, आणि दुकानात नको.

काही लेबलांवर ‘म्युलसिंग-फ्री’ असं असतं. मेरिनोच्या अंगाला सुरकुत्या फार. शेपटीखाली घाण साचून माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. ते टाळायला ऑस्ट्रेलियात कोकराच्या मागची कातडीच कापून काढायची पद्धत आहे, तिला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ साली त्यावर बंदी घातली. हे शब्द लेबलावर असले म्हणून मोजा पायाला जास्त मऊ लागणार नाही. पण दोन मोजे सारखेच असतील तर मी तो घेतो.

आतून उलटा करून बघा

ज्याला मोजे कळतात तो दुकानात मोजा आधी उलटा करतो. आतल्या बाजूला टाचेखाली आणि चवड्याखाली टॉवेलसारखी बारीक वेटोळी असतात, ती गादी. ती दाट आणि एकसारखी हवी. अंगठ्याने दाबून सोडली की परत वर आली पाहिजेत. मग हात आत घालून मोजा उजेडासमोर ताणून बघायचा. टाचेतून दिवा स्पष्ट दिसत असेल तर वीण विरळ आहे, आणि विरळ वीण आधी तिथेच फाटते. जाडी आणि दाटपणा यांत गल्लत करू नका. फुगीर पण विरळ मोजा दोन धुण्यांत चपटा होतो, पातळ पण दाट मोजा वर्षानुवर्षं साथ देतो.

बोटांवरची शिवण आतून चाचपायची. दोरीसारखी उंच लागली तर दहाव्या किलोमीटरला ती करंगळीशी बोलायला लागते. चांगल्या मोज्यात ती इतकी सपाट असते की डोळे मिटून बोट फिरवलं तर जेमतेम कळते. तळव्याच्या खळग्याभोवती थोडा आवळ पट्टा असला तर मोजा फिरत नाही. वरचं इलॅस्टिक पोटरीवर खोल वळ उठवणारं नको.

जाडीचं काय? मला वाटतं इथे आपले लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. परदेशी फोटोतले जाड, नक्षीदार मोजे बघून तेच मागवतात. ते बर्फातल्या चालण्यासाठी असतात. साताऱ्याला अजिंक्यतारा, जरंडेश्वर, सज्जनगड, यवतेश्वरचा घाट चढायला पातळ किंवा मध्यम मोजा पुरतो, उन्हाळ्यात तर पातळच. डिसेंबरात माण-खटावकडे पहाटे काम असेल तर मध्यम. जाड मोजे हिमालयात जाणार असाल तेव्हाच घ्या, आणि तेव्हाही बूट त्या मोज्यांसह मापून घ्या. नेहमीच्या बुटात जाड मोजा कोंबला की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलटा जास्त गार पडतो.

उंची बुटापेक्षा चार बोटं वर हवी. घोट्याखाली संपणारे मोजे शहरात छान दिसतात, रानात टाच सोडून आत घसरतात.

माप सगळ्यांना किरकोळ वाटतं, पण मोठ्या मोज्याची घडी पडते आणि घडी म्हणजे हमखास फोड. लेबलावर ३९-४२ असे युरोपी आकडे असतात, बुटाच्या जिभेवर तेही छापलेले असतात. दोन मापांच्या सीमेवर असाल तर मी धाकटं घेतो. नवे बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि हेच मोजे पायात घालून जा. दुकानात मापापुरता देतात तो पातळ मोजा घालून मापलेला बूट डोंगरात दगा देतो.

आपल्या रानातल्या तीन अडचणी

परदेशी माहितीत या सापडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

कुसळं. ऑक्टोबर सरला की डोंगरउतारावरचं कुसळी गवत वाळतं आणि ट्रेकचा खरा हंगामही तेव्हाच असतो. कुसळाचं टोक टोकदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागची लांब शेपटी ओल-कोरडीने पिळत-उलगडत राहते. म्हणजे ते मोज्यात नुसतं अडकत नाही, गिरमिटासारखं आत जातं. लोकरीच्या मोज्याला ती जरा जास्तच प्रेमाने धरतात, हे कबूल. बाहेरून सपाट विणीचा मोजा घ्या, त्यावर पूर्ण लांबीची पँट सोडा, जमलं तर बूट आणि पोटरी झाकणारे गेटर बांधा. आणि कुसळ शेपटी धरून मागे ओढू नका. केस मागे वळलेले असल्याने ते धागा घेऊनच येतं. मोजा उलटा करायचा, आतून टोक पकडायचं आणि ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने पुढे काढायचं.

जळवा. कोयनेच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस त्या भेटतात. उंच मोज्यात पँट खोचली तर पायावर चढायला त्यांना वेळ लागतो. पण विरळ विणीतून बारीक जळू आरामात तोंड घालते, त्यामुळे मोजा घातला म्हणून निर्धास्त राहू नका. थांबाल तिथे बघा. इथेही दाट वीण कामाला येते.

चिखल्या. पावसाळ्यात सतत ओल्यात काम करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, चिरतात, आग होते. गमबूट घालून काम करणाऱ्यांना पाणी बाहेरून लागत नाही, पण रबरातून घाम बाहेर जात नाही. तिथे लोकरीचा मोजा सुतीपेक्षा बरा, तरी त्याच्या पिण्यालाही मर्यादा आहे. दुपारच्या भाकरीच्या वेळी मोजे बदलायचे, बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, ओली जोडी सावलीत वाऱ्यावर टाकायची. दोन जोड आलटून-पालटून वापरणं हे एक भारी जोड घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. चिखल्या बऱ्या होत नसतील तर बुरशीचं औषध लागतं, मोजा बदलून भागत नाही. आणि ज्यांना मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी हा लेख वाचून नाही तर डॉक्टरांना विचारून मोजे घ्यावेत. त्यांना फोड आलेला कळतच नाही. अशांनी फिकट रंगाचा मोजा घेतला तर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो, आणि रोज संध्याकाळी तळवे बघायची सवय लावून घ्यावी.

धुण्याआधी घरात सांगून ठेवा

माझी दुसरी जोडी आईने वॉशिंग पावडरमध्ये कढत पाण्यात भिजवली आणि धोपाटण्याने बडवली. आली ती पुतण्याच्या मापाची होऊन.

कारण परत ती कौलं. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की एका तंतूच्या खवल्या दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात, पुढे सरकतात, मागे येत नाहीत. कापड आटतं आणि घट्ट होतं. नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, असाच तयार करतात, मुद्दाम. ‘सुपरवॉश’ किंवा ‘मशीन वॉशेबल’ लिहिलेल्या लोकरीत क्लोरीनच्या प्रक्रियेने या खवल्यांच्या कडा बोथट करतात आणि वर राळेचा बारीकसा लेप देतात, म्हणून ती मशीनमध्ये टिकते. मोज्यांतली बहुतेक मेरिनो हल्ली अशीच असते. तरी कढत पाणी नको.

मोजे उलटे करून, गार किंवा कोमट पाण्यात, इझीसारख्या लोकरीच्या पातळ साबणात धुवायचे. डाग खाणारी एन्झाइमची पावडर नको. डागांतलं प्रथिन ती खाते तसं लोकरही प्रथिनच. ब्लीच तर कधीच नको, लोकर त्यात अक्षरशः विरघळते. सॉफ्टनरने तंतूवर लेप बसतो आणि ओल पिणं मंदावतं. पिळायचं नाही, पंचात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाळत घालायचं. मुरमाच्या वाटेवरून आल्यावर धुण्याआधी मोजे झटका, कारण आत राहिलेली बारीक कच टाच आतून कानशीसारखी घासते.

पावसाळ्यात न वापरता कपाटात ठेवाल तर कसर लागते. कसर लोकर खाते, आणि घामाची न धुतलेली लोकर आधी खाते. धुऊन, खडखडीत वाळवून, डांबराच्या गोळ्यांसह बंद पिशवीत ठेवा. टाच विरळ दिसायला लागली की भोक पडायची वाट न बघता आतून रफू करून घ्या, गाठ मात्र मारू नका. ती गाठ पुढच्या ट्रेकला भेटते.

आणि रोज सकाळी फाट्यापर्यंत चपला घालून फिरायला जाणाऱ्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. अर्ध्या तासाच्या डांबरी चालण्याला सुती मोजे चालतात. हा खर्च लांबच्या, ओल्या, खडबडीत चालण्यासाठी आहे.

तात्यांना मी गेल्या दिवाळीला एक जोड आणली. पातळ, राखाडी, ६० टक्के लोकर. त्यांनी आठ दिवस ठेवून घेतली आणि परत माझ्या खोलीत आणून टाकली.

‘टोचत न्हाईत, खरं हाय तुझं. पाय बी शिजलं न्हाईत.’

‘मग?’

‘अंगठा जात न्हाई वहाणंत.’

कोल्हापुरी वहाणेच्या अंगठ्यासाठी वेगळी बोटळी असलेले लोकरीचे मोजे कुठे मिळतात का, ते आता शोधतोय.